वाममार्गाची तीन पानं

दुबईच्या देरा भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला ऑफिस म्हणणं ही खोलीची थट्टाच होती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि घरघरणारा एसी, एवढाच तिचा संसार. दारावर पाटी नव्हती. या देशात खाजगी गुप्तहेराची पाटी लावली असती तर पहिली चौकशी पाटी लावणाऱ्याचीच झाली असती.

मृणालिनी टिपणीस फुजैराच्या बंदरात बावीस वर्षं जहाजांच्या विम्याचे दावे तपासत होत्या. २००९ च्या मंदीत कंपनीने त्यांना एका पानाचं पत्र देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून अडलेली माणसं त्यांच्याकडे येत. "मी चौकशी करत नाही, गप्पा मारते," असं त्या सगळ्यांना सांगत.

दत्तप्रसाद खानोलकरची नोकरीही त्याच वर्षी गेली होती. तो सिव्हिल इंजिनिअर. त्याचा टॉवर अठराव्या मजल्यावर थांबला आणि त्याच्याबरोबर तोही. त्याच्याकडे जुनी कोरोला होती आणि भरपूर वेळ होता, म्हणून तो मॅडमची गाडी चालवायचा. आपलं डोकंही चालतं अशी त्याची समजूत होती आणि मॅडमनी ती कधी मोडली नव्हती.

एप्रिल २०१० मधल्या एका सकाळी दारात पस्तिशीची एक बाई उभी राहिली. हातात पाकीट, डोळ्यांत झोप नाही, पण मान ताठ.

"सुचित्रा करमरकर. बसत नाही. आधी सांगते, मग तुम्हाला वाटलं तर बस म्हणा," ती म्हणाली. "मी वाममार्गी आहे. आपल्याकडचा वाममार्ग नव्हे, पाश्चात्त्यांचा."

दत्तप्रसादला चहाचा ठसका लागला.

"बस," मृणालिनी म्हणाल्या. "आणि दत्ताला समजेल असं सांग."

सुचित्रा बसली. "दीडशे वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी आपला शब्द उचलला आणि त्यातून स्वतःचंच काहीतरी घडवलं. देवात विरघळून जायचं नाही, स्वतःच्या इच्छेलाच देव मानायचं. जे निषिद्ध म्हणून शिकवलं ते समजून-उमजून ओलांडायचं आणि आपल्यात काय बदललं ते वहीत लिहायचं. शरीरसंबंध हासुद्धा त्यात विधी असतो. त्या क्षणी सगळं मन एकाच इच्छेवर ठेवायचं."

"म्हणजे, कुणाबरोबर..." दत्तप्रसादने चाचरत विचारलं.

"आधी नवऱ्याबरोबर. त्याला झेपलं नाही. आता एकटी. माणसं मोजायची असतील तर संपली." ती त्याच्याकडे सरळ बघत होती. "मी केमिस्ट आहे. लॅबमध्ये नोंद ठेवते तशीच ही ठेवते. तारीख, वेळ, सूर्य-चंद्र कुठल्या राशीत, काय केलं, काय झालं. आमचं मंडळ सात जणांचं होतं, बहुतेक गोरे. मंदीत सहा जण देश सोडून गेले. मी उरले. याची मला लाज वाटत नाही आणि तुमच्यापुढेही वाटणार नाही."

मृणालिनींनी पाकीट उघडलं. आत झेरॉक्सची तीन पानं आणि एक चिठ्ठी. अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'तुझ्या वहीतून उतरवून घेतलेली ही पानं. आठ दिवसांत राजीनामा दे आणि भारतात निघून जा. शुभ्रा बापाकडे राहील. नाहीतर पानं पोलिसांकडे जातील.'

"शुभ्रा माझी मुलगी. आठ वर्षांची," सुचित्राचा आवाज पहिल्यांदा हलला. "तन्मयचा आणि माझा घटस्फोट ठरलाय. भांडण नाही. जूनमध्ये माझी बदली फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर होतेय आणि शुभ्रा माझ्याबरोबर येणार, हे लेखी ठरलंय. आता हे. इथे जादूटोणा गुन्हा आहे आणि परपुरुषही गुन्हा आहे. पानांत दोन्ही आहे. आत गेले तर पोर मला पुन्हा दिसायची नाही."

"पानं खोटी?"

"ओळीओळीला खोटी. ही पहिलीच ओळ बघा ना, इथे..."

"थांब." मृणालिनींनी हात वर केला. "चुका मला सांगू नकोस. तू दाखवलीस तर तो तुझा बचाव होतो. मी शोधली तर तो पुरावा होतो."

दत्तप्रसादने पानं वाचायला घेतली.

'१४ जानेवारी २०१०, गुरुवार. आज सूर्याने मकर राशीत प्रवेश केला. या मुहूर्तावर देऱ्यातील एका खोलीत परपुरुषाबरोबर विधी केला. घरी फुजैराला जाते असे सांगितले होते.'

'९ फेब्रुवारी. विधी आधीच ठरला होता, पण अडचण आली. चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन शुद्ध झाले आणि मगच आसनावर बसले. घरी फुजैरा सांगितले.'

तिसरं पान २ मार्चचं होतं. त्यात जे लिहिलं होतं ते वाचून त्याचे कान तापले आणि त्याने ते अर्ध्यावर सोडलं.

"या तीन रात्री तू कुठे होतीस?" मृणालिनींनी विचारलं.

"खरोखरच फुजैराला. टर्मिनलचे नमुने तपासायला. कंपनीच्या गेस्ट हाऊसवर एकटी. साक्षीदार कुणी नाही."

"तुझी खरी वही?"

"कुलुपात. किल्ली गळ्यात. कुणी वाचलेली नाही. तन्मयनेही नाही."

"तुझ्या या मार्गाबद्दल कुणाला माहीत आहे?"

"तन्मयला. त्याच्या मोठ्या बहिणीला, वैभवीताईंना. लग्न नाही झालं त्यांचं, शुभ्रा झाल्यापासून आमच्याकडेच असतात. आणि नीलेश धारपला. तो हॉटेलांत जोडप्यांना तंत्र शिकवतो. माझ्याबरोबर वर्कशॉप घे म्हणून मागे लागला होता. मी चारचौघांत त्याला भोंदू म्हटलं."

ती गेल्यावर दत्तप्रसाद म्हणाला, "मॅडम, हा नीलेशच. बाईने नाक कापलं, त्याने डूख धरला. खलास."

"तसं असेल तर पेट्रोल वाचलं," मृणालिनी म्हणाल्या. "चल, तरीही जाऊन येऊ."

नीलेश धारप बर दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत भेटला. पांढरा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, हातात दोन मोबाइल.

"सुचित्रा? अहो, शी इज अ किताबी पंडित," तो फुरफुरला. "गोऱ्यांची उष्टी पुस्तकं वाचून आम्हाला शिकवते. माझ्या डेमोमध्ये उभी राहून भोंदू म्हणाली. चार बुकिंग्ज कॅन्सल झाली. पर हेड पाचशे दिरहॅम, म्हणजे सहा हजार रुपये. विसरेन होय मी?"

"मग सूड घ्यावासा वाटलाच असेल," मृणालिनींनी गोड आवाजात म्हटलं.

"वाटला ना. पण मी पण त्याच नावेत आहे हो. पोलीस तिच्याकडे आले तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतील. मी काय शिकवतो ते कळलं तर मला पहिल्या फ्लाइटने पाठवतील."

"काय शिकवता असं?"

"तेच, जे लोकांना पचत नाही. शुद्ध-अशुद्ध काही नसतं. बाईचे ते चार दिवस घ्या. जग तिला बाजूला बसवतं, आमच्याकडे तेव्हाच तिची शक्ती सगळ्यांत मोठी. सुचित्राच्या गोऱ्यांनीही हेच उचललंय, एवढं मात्र मान्य करायला हवं."

"ती फुजैराला वरचेवर जाते म्हणे?"

"फुजैरा?" नीलेशने खांदे उडवले. "तिथे काय आहे? तेलाच्या टाक्या. मला नाही माहीत."

गाडीत बसताना दत्तप्रसाद म्हणाला, "साफ खोटं बोलतोय." मृणालिनींनी पट्टा लावला आणि त्याला गाडी काढायला सांगितलं.

शुक्रवारी दोघं अबू धाबीकडे निघाले. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर करमरकरांचा संसार होता. टिपणीसबाई बोलायला येतील एवढंच घरी सांगून सुचित्रा मुद्दामच बाहेर गेली होती.

दार तन्मयने उघडलं. गेल्या वर्षी नोकरी गेली, मग जवळच्या मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत कमी पगाराची मिळाली, हे सुचित्राने सांगितलं नसतं तरी त्याच्या खांद्यांकडे बघून कळलं असतं. सोफ्यावर एक मुलगी विस्कटलेल्या केसांनी चित्र रंगवत होती.

"शुभ्रा, आईबरोबर फुजैराला जाणार ना तू?" मृणालिनींनी विचारलं.

"आय गेस. देअर इज अ बीच."

"आणि केसांचं काय झालं हे?"

"आई पुल्स टू हार्ड. आत्या विल डू इट ऑन मंडे."

आत्या दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेली, इस्त्रीची साडी, पाठ सरळ. पूर्वी पुण्यात शाळेत शिकवत असत.

"पाणी तुम्हीच आतून घ्या हं," त्या म्हणाल्या. "आज मी स्वयंपाकघरात नाही. चहा तन्मय करील."

दत्तप्रसादला या पाहुणचाराचं नवलच वाटलं. तो मृणालिनींच्या मागोमाग आत गेला. ओट्याजवळ मराठी दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्या चौकोनांत दूध किती घेतलं, गॅस कधी आला, शुभ्राची युनिट टेस्ट, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मधूनमधून 'सु. फु.' असंही होतं. मृणालिनींनी मागची पानं उलटली. १४ जानेवारी, ९ फेब्रुवारी आणि २ मार्च, तिन्ही चौकोनांत 'सु. फु.' होतं.

"सुचित्रा फुजैरा," दत्तप्रसाद कुजबुजला. आपल्याला काहीतरी सुचलं याचा त्याला आनंद झाला. "म्हणजे घरातलंच कुणीतरी."

"किंवा घरात ज्याचा फोन येतो असं कुणीतरी," मृणालिनी म्हणाल्या, पण त्यांची नजर त्या बारीक अक्षरावरच होती.

तन्मय चहा ठेवायला आत आला तेव्हा त्यांनी त्याला सरळ विचारलं, "तुझ्या बायकोच्या या नादाची तुला चीड नाही आली?"

"आली ना. रात्री उठून वहीत लिहीत बसायची. आय मीन, मला नॉर्मल बायको हवी होती." तो दूध ओतता ओतता थांबला. "पण वाईट नाही हो ती. तिच्या ग्रुपबरोबर दोन वर्षं मी पण गेलो होतो. दुबईत जुमेऱ्याला कुणाच्यातरी व्हिलात एकवीस डिसेंबरला मेणबत्त्या लावायचे. सूर्य मकरेत गेला, सगळ्यांत मोठी रात्र संपली, म्हणून केक कापायचे. खोटं कशाला बोलू, मीही खाल्लाय. म्हटलं ख्रिसमस चार दिवस आधी."

"आणि वैभवीताई?"

"ताई कशाला येईल? ती घरी शुभ्राजवळ. ताईला त्या विषयाचं नाव काढलेलंही चालत नाही."

बाहेर येऊन मृणालिनी वैभवीताईंसमोर बसल्या.

"सुचित्राबद्दल तुमचं काय मत?"

"माझं मत विचारतं कोण?" वैभवीताईंनी पदर सारखा केला. "मी काही अडाणी नाही, टिपणीसबाई. नवराबायकोचं पटलं नाही, वेगळे व्हा. पण असली बाई पोर वाढवणार? आठ वर्षं मी वाढवलीय तिला. गोवर आला तेव्हा ही लॅबमध्ये होती. उद्या फुजैराला एकटीने त्या पोरीला काय काय बघायला लागेल, देव जाणे."

"मग ती गेलेलीच बरी?"

"तिचं तिने ठरवावं. शुभ्रा इथे राहिली म्हणजे झालं."

परतीच्या रस्त्यावर दत्तप्रसाद म्हणाला, "नवरा हो. कॅलेंडर त्याच्या घरात, त्या मंडळात तोच जाऊन आलेला. एवढी विद्या दुसऱ्या कुणाला येणार?"

मृणालिनी हसल्या. "विद्या, दत्ता. बरोबर शब्द वापरलास. या पानांत विद्याच नाही."

मंगळवारी, मुदतीच्या सातव्या दिवशी, दुपारी एक वाजता सगळे करमरकरांच्या दिवाणखान्यात जमले होते. शुभ्रा शाळेत होती. सुचित्रा खिडकीशी उभी, तन्मय सोफ्याच्या कडेवर. वैभवीताई आज सोफ्यावर बसल्या होत्या, आणि चहा त्यांनीच केला होता.

मृणालिनींनी चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली आणि तीन पानं टेबलावर मांडली.

"दत्ता, १४ जानेवारीला तू काय केलंस?"

"मी?" तो गोंधळला. "तिळगूळ खाल्ला. खालच्या कमरुद्दीनलाही दिला."

"का?"

"संक्रांत ना. सूर्य मकरेत जातो."

"तुझ्या-माझ्यासाठी जातो. आपलं पंचांग राशी आकाशातल्या तारकांवरून मोजतं. पाश्चात्त्य ज्योतिष दिवस-रात्र समान होते त्या बिंदूपासून मोजतं. दोन्हींत तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय. सुचित्राच्या मंडळाचा सूर्य एकवीस डिसेंबरलाच मकरेत जातो. त्यांची नोंद ठेवणारा माणूस १४ जानेवारीला 'आज सूर्याने मकरेत प्रवेश केला' असं मेला तरी लिहिणार नाही. ते लिहितो आपल्यातला माणूस, ज्याला वाटतं साऱ्या जगाची संक्रांत एकाच दिवशी येते. तू ते पान दोनदा वाचलंस आणि तुला काही खटकलं नाही. लिहिणाऱ्यालाही नाही खटकलं."

सुचित्राने मान हलवली. हीच ती पहिली ओळ होती.

"तन्मयने मात्र एकवीस डिसेंबरचा केक दोनदा खाल्लाय, आणि तो कशासाठी कापला हेही न विचारता मला सांगितलंय. त्याला पानं बनवायची असती तर त्याने ती तारीख घेतली असती."

तन्मय सोफ्यावर मागे टेकून बसला. दत्तप्रसादने त्याची नजर चुकवली.

"मग नीलेश," दत्तप्रसाद म्हणाला. "तो आपल्यातलाच. तोही तिळगूळ खातो."

"खातो. पण दुसरं पान बघ. 'अडचण आली. चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन शुद्ध झाले.' निषिद्ध तेच ओलांडायचं, असा हा मार्ग. ज्या दिवसांना जग विटाळ म्हणतं तेच इथे सगळ्यांत मोलाचे. नीलेशने हे आपण होऊन मला सांगितलं, त्यातच त्याचा धंदा आहे. तो तिला न्हायला कशाला पाठवेल? शिवाय त्याला तिच्या फुजैराच्या तारखाही ठाऊक नाहीत. त्या तिन्ही तारखा या घरातल्या दिनदर्शिकेवर आहेत."

मृणालिनींचा आवाज खाली आला. "ज्याने हे लिहिलं त्याने सुचित्राला जितकं घाणेरडं करता येईल तितकं केलं. परपुरुष दिला, भाड्याची खोली दिली. पण या एका ठिकाणी हात अडला. चार दिवसांत बाई आसनाला शिवते, हे त्या लेखणीला पापातसुद्धा लिहिता आलं नाही. ती लेखणी जन्मभर बाजूला बसलेल्या बाईची आहे. शुक्रवारी तुम्ही वेताच्या खुर्चीवर होतात, वैभवीताई. स्वयंपाकघरात आला नाहीत. पोरीची वेणी सोमवारवर गेली होती."

"ताई?" तन्मय म्हणाला.

वैभवीताईंनी कप खाली ठेवला.

"हो, मीच लिहिलं," त्या म्हणाल्या. "आणि माफीही मागणार नाही. मला ना नवरा, ना मूल. तुम्ही दोघं नोकऱ्यांवर, आणि रात्री ताप उतरेपर्यंत कपाळावर पट्ट्या कोण ठेवायचं? तुमच्या कागदावर आई, बाप, सगळे आहेत. माझं नाव कुठे आहे त्यात? पोर जाणार म्हणताना एका शब्दाने मला विचारलंत?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते ऐकणं जड होतं. तन्मय उठला आणि पुन्हा बसला.

"नाही विचारलं," सुचित्रा म्हणाली. "चुकलं ते. त्याचं काय ते माझ्या तोंडावर बोलायचं होतंत."

"तोंडावर? तुझ्या? ते सगळं सोडते म्हण. ती वही माझ्यासमोर जाळ. मग ने पोरीला, मी चकार शब्द काढणार नाही."

दत्तप्रसादला वाटलं, मिटलं. एक वहीच तर जाळायची होती. त्याने सुचित्राकडे आशेने पाहिलं.

"नाही," सुचित्रा म्हणाली.

"पोरीसाठीसुद्धा नाही?"

"पोरीसाठीच नाही. आज वही जाळली, तर उद्या तुम्ही माझे कपडे ठरवाल, परवा मित्र, आणि शुभ्रा बघत राहील की आईला भीती घातली की आई ऐकते. मी कुणाचं काही चोरलं नाही, कुणाला फसवलं नाही. माझ्या शरीराचं आणि माझ्या मनाचं काय करायचं ते मी करते. शुभ्रा माझी आहे आणि तेही माझंच आहे. दोन्हींतलं एक निवडायला मला कुणी सांगायचं नाही."

तिने टेबलावरचा मोबाइल उचलला, तीन आकडे दाबले आणि तो वैभवीताईंच्या हातात दिला. पडद्यावर ९९९ होतं.

"फक्त हिरवं बटण. लावा. आत्ता, माझ्यासमोर. माझी वही मीच काढून देते त्यांना."

"सुचित्रा, वेडेपणा करू नकोस," तन्मय कळवळून म्हणाला.

मृणालिनींनी त्याला हाताने थोपवलं. "लावायचा असेल तर एक ध्यानात असू द्या, ताई. ही तीन पानं कुणी लिहिली हेही ते विचारतील, आणि मी खोटं बोलत नाही. पण मी तुम्हाला भीती घालत नाहीये. ठरवा तुम्हीच."

वैभवीताई फोनकडे बघत राहिल्या. अंगठा बटणावर होता. सुचित्रा त्यांच्यासमोर उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भीती तिला वाटत होतीच. ती फक्त मागे सरकत नव्हती.

"तिला आई लागेल," बऱ्याच वेळाने वैभवीताई पुटपुटल्या. त्यांनी अंगठा काढला, फोन टेबलावर उपडा ठेवला आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. या घरात त्यांना रडताना कुणी पाहिलं नसावं, कारण तन्मयला काय करावं ते सुचेना.

सुचित्राने तिन्ही पानं उचलली, फाडली आणि तुकडे मुठीत धरून ठेवले.

"फुजैराला यायचं, भेटायचं, राहायचं. शुभ्राला तुम्ही लागता, ते मी तोडणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या घरात माझ्याकडे मान वर करून बघायचं. वहीसकट."

वैभवीताईंनी पदर तोंडावरून काढला. त्यांनी नकार दिला नाही.

बाहेर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. आठ वर्षांच्या सवयीने वैभवीताई डोळे पुसत उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"तुम्ही बसा," सुचित्रा त्यांच्या पुढे होत म्हणाली. "दार मी उघडते."